विंडोजवरच्या आपल्या प्रोग्रॅमला ॲडमिनची परवानगी मागायला कशी लावायची?

शाळेच्या संगणक कक्षातली जुनी मशीन तुम्ही हाताळली असतील, तर हा प्रकार ओळखीचा असेल. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, म्हणजे सीआर २०३२, संपलेला असतो. संध्याकाळी खोलीचा मेन स्विच बंद होतो आणि सकाळी मशीन सुरू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग सुरक्षित वेबसाइट उघडेनात, कारण ब्राउझरच्या हिशेबाने त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय विंडोजमध्ये असते. पण कुठल्याही डोमेनला, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरखाली चालणाऱ्या नेटवर्कला, न जोडलेल्या मशिनवर घड्याळ १५ तासांपेक्षा जास्त चुकलं असेल, तर मूळ सेटिंगनुसार ती सोय त्याला आपोआप हात लावत नाही.

अशा कक्षासाठी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने सी शार्पमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक खिडकी, तारीख-वेळ टाकायची जागा आणि 'घड्याळ जुळवा' असं बटण. बटण दाबलं की विंडोजचं 'सेटसिस्टिमटाइम' हे फंक्शन बोलवायचं. कोड बरोबर होता, बटण दाबलं जात होतं, घड्याळ मात्र हलत नव्हतं. त्रुटीचा क्रमांक तपासला तर १३१४ निघाला, म्हणजे या कामासाठी लागणारा विशेषाधिकार तुमच्याजवळ नाही. तो गोंधळला. "सर, मी तर ॲडमिनच्याच खात्यावर आहे!"

या विषयात पाय ठेवणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडतो. म्हणून पायऱ्यांकडे जाण्याआधी हे कोडं सोडवू.

ॲडमिन असूनही अधिकार का नसतात?

विंडोज व्हिस्टा २००७ च्या जानेवारीत सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आलं आणि त्याबरोबर 'युजर अकाउंट कंट्रोल', म्हणजेच यूएसी आलं. तेव्हापासून ॲडमिन खात्याने लॉगिन केलं की विंडोज त्या माणसासाठी दोन टोकन तयार करतं. टोकन म्हणजे अधिकारांची यादी असलेलं ओळखपत्र. एका टोकनात सगळे अधिकार असतात, दुसऱ्यातून धोक्याचे अधिकार काढून घेतलेले असतात. डेस्कटॉप, स्टार्ट मेनू आणि फाइल एक्सप्लोरर या दुसऱ्या, हलक्या टोकनावर चालतात. तिथून तुम्ही डबल-क्लिक करून जे उघडता, त्याला तेच टोकन वारशाने मिळतं.

घरातल्या किल्ल्यांचा सगळा जुडगा कपाटात ठेवून आपण रोज फक्त दाराची किल्ली खिशात घालून फिरतो, तसंच हे आहे. तिजोरी उघडायची वेळ आली की कपाटाकडे जायचं. ती काळोखी होणारी स्क्रीन आणि 'हो की नाही' विचारणारी चौकट म्हणजे कपाटाकडची फेरी. स्क्रीन काळोखी होते कारण ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवली जाते. तिथे दुसरा कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या वतीने 'हो' दाबू शकत नाही.

एक नियम इथेच मनात पक्का करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोग्रॅमचं टोकन त्याच्या जन्माच्या क्षणी ठरतं. चालू असलेल्या प्रोग्रॅमला मध्येच जास्तीचे अधिकार देता येत नाहीत. त्यामुळे मार्ग दोनच उरतात. एक, प्रोग्रॅम सुरू होतानाच परवानगी मागायची. दोन, गरज पडेल तेव्हा नवा प्रोग्रॅम अधिकारांसह जन्माला घालायचा. आधी पहिला मार्ग पाहू. तो सोपा आहे आणि त्यासाठी कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

पायरी १: खरंच गरज आहे का, ते ठरवा

प्रोग्रॅम चालत नाही म्हटल्यावर ॲडमिन मागून टाकायचा मोह होतो. तो आवरा. नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे सेटिंगची किंवा डेटाबेसची फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या आपल्याच फोल्डरात लिहिण्याचा प्रयत्न. त्यावरचा उपाय ॲडमिन नव्हे. फाइलची जागा बदला. एका वापरकर्त्याची माहिती त्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरात जाऊ द्या. सगळ्यांची सामायिक माहिती 'प्रोग्रॅमडेटा'त ठेवा आणि तिथल्या आपल्या फोल्डरावर लिहिण्याची परवानगी इन्स्टॉलरकडून देऊन ठेवा. दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅमला रोज सकाळी ॲडमिनचा पासवर्ड लागत असेल, तर दुकानदार तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो. मी अशा चिठ्ठ्या पाहिल्या आहेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतो.

खरी गरज कुठे असते? विंडोजची सर्व्हिस सुरू किंवा बंद करणं, विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात त्या रजिस्ट्रीच्या 'लोकल मशीन' भागात लिहिणं, फायरवॉलचे नियम बदलणं, ड्रायव्हर बसवणं, सिस्टिमचं घड्याळ बदलणं. या सगळ्यांचा परिणाम त्या मशिनवरच्या प्रत्येकावर होतो. उलट टाइम झोन बदलायला साधं खातंही चालतं. टाइम झोन बदलल्याने फक्त वेळ दाखवण्याची रीत बदलते. घड्याळ बदललं तर प्रमाणपत्रं, लॉग, लॉगिनची पडताळणी असं सगळंच हलतं. हा फरक समजला की विंडोज कशासाठी अडवतं, याचा अंदाज पुढे तुम्हाला स्वतःलाच येऊ लागेल.

आपलं घड्याळाचं काम खऱ्या गरजेत बसतं. पुढे जाऊ.

पायरी २: मॅनिफेस्ट जोडा

मॅनिफेस्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या एक्झी (डबल-क्लिक करून चालवता येणाऱ्या) फाइलमध्येच ठेवलेली छोटी एक्सएमएल फाइल. एक्झी सुरू करण्याआधी विंडोज ती वाचतं आणि या प्रोग्रॅमला कुठल्या पातळीचे अधिकार हवेत ते ठरवतं. तुम्ही काहीच केलं नाही, तर सी शार्पचा कंपायलर आपल्याकडची एक मॅनिफेस्ट घालतो. तिचा अर्थ 'बोलावणाऱ्याचे असतील तेवढेच अधिकार पुरेत' असा असतो. आपल्याला तीच बदलायची आहे.

व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्ट उघडा. उजवीकडच्या सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये सोल्यूशनवर नको, प्रोजेक्टच्या नावावर राइट-क्लिक करा. 'ॲड', मग 'न्यू आयटम' निवडा. यादीत 'ॲप्लिकेशन मॅनिफेस्ट फाइल' शोधा. यादी लांबलचक असते, वरच्या कोपऱ्यातल्या शोधाच्या चौकटीत 'मॅनिफेस्ट' टाइप केलं की लगेच सापडते. फाइलचं नाव आपोआप 'ॲप डॉट मॅनिफेस्ट' येईल. तेच राहू द्या आणि 'ॲड' दाबा.

फाइल उघडेल. आत हिरव्या अक्षरांत एक टिप्पणी दिसेल आणि त्या टिप्पणीत एकाखाली एक तीन ओळी असतील. तिन्ही ओळी 'रिक्वेस्टेड एक्झिक्युशन लेव्हल' या टॅगच्या आहेत, फरक फक्त 'लेव्हल'च्या किमतीत. पहिली 'ॲज इन्व्होकर', दुसरी 'रिक्वायर ॲडमिनिस्ट्रेटर', तिसरी 'हायेस्ट अव्हेलेबल'. पडद्यावर हे शब्द रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता जोडून लिहिलेले दिसतील. टिप्पणी संपल्यावर खाली चौथी ओळ आहे. खरी लागू असलेली ओळ तीच, आणि तिच्यात 'ॲज इन्व्होकर' आहे.

आता हाताने काही टाइप करू नका. टिप्पणीतली दुसरी, म्हणजे 'रिक्वायर ॲडमिनिस्ट्रेटर'ची ओळ कॉपी करा आणि चौथ्या ओळीच्या जागी पेस्ट करा. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं किंवा अवतरणचिन्ह राहून गेलं, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. वर 'साइड बाय साइड कॉन्फिगरेशन' चुकीचं असल्याचा संदेश येतो आणि त्यावरून मॅनिफेस्ट बिघडली आहे हे नवख्याला उमगत नाही. त्याच ओळीत 'यूआय ॲक्सेस' नावाचा आणखी एक गुणधर्म आहे, त्याची किंमत 'फॉल्स'च राहू द्या. तो दिव्यांगांसाठीच्या सहायक सॉफ्टवेअरसारख्या खास कामांसाठी असतो.

शेवटी प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲप्लिकेशन' विभागात जाऊन 'मॅनिफेस्ट'समोर आपलीच फाइल निवडलेली आहे ना, ते एकदा पाहून घ्या. सहसा ती आपोआप निवडली जाते. नसेल तर फाइल प्रोजेक्टमध्ये नुसती पडून राहते आणि काहीच बदलत नाही.

तीन पातळ्यांपैकी कुठली निवडायची?

'रिक्वायर ॲडमिनिस्ट्रेटर'मध्ये सवलत नसते. ॲडमिन खात्यावर 'हो की नाही' विचारलं जातं, साध्या खात्यावर ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो, आणि नकार मिळाला तर प्रोग्रॅम उघडतच नाही.

'हायेस्ट अव्हेलेबल' समोरच्या माणसाकडे पाहून वागतं. ॲडमिन असेल तर परवानगी मागतं, साधं खातं असेल तर न विचारता आहे त्या अधिकारांत उघडतं. विंडोजचा रजिस्ट्री एडिटर असाच चालतो. साध्या खात्यातल्या माणसालाही स्वतःच्या भागातली रजिस्ट्री पाहता-बदलता यावी, हे त्यामागचं कारण. तुमच्या प्रोग्रॅमचा निम्मा भाग तरी अधिकारांशिवाय उपयोगी असेल, तर ही पातळी बरी. पण एका धोक्याकडे लक्ष द्या. तुमच्या स्वतःच्या मशिनवर सगळं चालेल आणि ग्राहकाच्या साध्या खात्यावर तोच प्रोग्रॅम काही न बोलता निम्मा अडेल.

पायरी ३: चालवा आणि खात्री करा

प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड करा. बिल्ड झालेल्या फोल्डरात जाऊन पाहिलंत तर एक्झीच्या आयकॉनवर कोपऱ्यात निळी-पिवळी ढाल दिसेल.

आता व्हिज्युअल स्टुडिओतून एफ ५ दाबलंत, तर या कामासाठी वाढीव अधिकार लागतील अशी सूचना येईल आणि व्हिज्युअल स्टुडिओच ॲडमिन म्हणून पुन्हा सुरू करायचा पर्याय मिळेल. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. साध्या अधिकारांवर चालणारा डीबगर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायचं साधन, वरच्या अधिकारांच्या प्रोग्रॅमला हाताळू शकत नाही, एवढंच. पुन्हा सुरू करा आणि काम पुढे न्या. एक मात्र ध्यानात राहू द्या. व्हिज्युअल स्टुडिओ ॲडमिन म्हणून चालू असताना त्यातून सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ते अधिकार वारशाने मिळतात. म्हणजे मॅनिफेस्ट विसरलात तरी तिथे सगळं चालतं. खरी चाचणी नेहमी एक्सप्लोररमधून एक्झीवर डबल-क्लिक करूनच घ्या.

अधिकार मिळाले की नाही हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' उघडा. रकान्यांच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'एलिव्हेटेड' हा रकाना घ्या. तुमच्या प्रोग्रॅमसमोर 'येस' दिसलं पाहिजे. कोडमधून तपासायचं झालं तर 'विंडोज प्रिन्सिपल' या क्लासचं 'इज इन रोल' फंक्शन ॲडमिनिस्ट्रेटर भूमिकेसाठी बोलवा. हलकं टोकन असेल तर ॲडमिन खात्यावरही ते 'फॉल्स' देतं आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

त्या मुलाचा प्रोग्रॅम इथे चालू लागला, पण घड्याळ साडेपाच तास पुढे गेलं. 'सेटसिस्टिमटाइम'ला जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, द्यावी लागते, त्याने भारतीय वेळ दिली होती. हे या लेखाच्या विषयाबाहेरचं असलं तरी सांगतो, कारण ही चूक सापडायला आमची अर्धी दुपार गेली. स्थानिक वेळ द्यायची असेल तर 'सेटलोकलटाइम' हे वेगळं फंक्शन आहे.

पायरी ४: संपूर्ण प्रोग्रॅमऐवजी एका बटणापुरती परवानगी

मला स्वतःला हाच मार्ग आवडतो आणि थोडी जास्त मेहनत घेऊन तुम्हीही तो शिकावा असं मनापासून वाटतं. घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये वेळ पाहायला, तारीख निवडायला अधिकार लागत नाहीत. लागतात ते फक्त बटण दाबल्यावर, तेही क्षणभरासाठी. मग शिक्षकांना खिडकी उघडतानाच का अडवायचं?

मॅनिफेस्टमध्ये 'ॲज इन्व्होकर' परत आणा. मघाचा नियम आठवा: चालू प्रोग्रॅमचे अधिकार वाढत नाहीत, नवा जन्म लागतो. म्हणून बटण दाबल्यावर प्रोग्रॅमने आपलीच एक्झी दुसऱ्यांदा सुरू करायची. या वेळी अधिकार मागून आणि सोबत 'ही वेळ लाव' असा निरोप देऊन. दुसरी प्रत खिडकी न उघडता वेळ लावते आणि संपते.

कोडमध्ये 'प्रोसेस स्टार्ट इन्फो'ची वस्तू बनवा. फाइलनेमच्या जागी आपल्याच एक्झीचा मार्ग द्या. डॉटनेट ६ पासून तो 'एन्व्हायर्नमेंट'च्या 'प्रोसेस पाथ'मधून मिळतो. आर्ग्युमेंटमध्ये ठरवलेला शब्द आणि वेळ द्या. 'व्हर्ब'ची किंमत 'रन ॲज' ठेवा, जोडून आणि लहान अक्षरांत. आणि 'यूज शेल एक्झिक्युट' आठवणीने 'ट्रू' करा. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ते मुळातच 'ट्रू' असायचं, नव्या डॉटनेटमध्ये ते 'फॉल्स' असतं. जुना कोड नव्या प्रोजेक्टमध्ये आणून चिकटवला की परवानगीची चौकट येतच नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

समोरच्याने चौकटीत 'नाही' दाबलं, तर 'विन ३२ एक्सेप्शन' येतं आणि त्याचा क्रमांक १२२३ असतो. तो पकडा आणि 'परवानगी न मिळाल्याने घड्याळ बदललं नाही' असं सरळ मराठीत सांगा. तो पकडला नाही, तर माणसाने नकार दिल्याबद्दल प्रोग्रॅम कोसळतो, आणि हे त्या माणसाला अन्यायाचं वाटतं. क्रमांक ७४० दिसला, तर ॲडमिन मागणारी एक्झी तुम्ही 'यूज शेल एक्झिक्युट' बंद ठेवून सुरू केली, असं समजा.

दुसऱ्या प्रतीचं काम संपेपर्यंत 'वेट फॉर एक्झिट'ने थांबा आणि यश-अपयश 'एक्झिट कोड'मधून घ्या. तिचं छापलेलं आउटपुट पकडायला जाऊ नका, या पद्धतीत ते मिळत नाही. शिवाय दुसऱ्या प्रतीने आलेला निरोप डोळे झाकून पाळू नये. तारीख खरीच तारीख आहे का, वर्ष पटण्यासारखं आहे का, हे तिने आपल्या बाजूने पुन्हा तपासावं. अधिकार तिच्या हातात आहेत, तेव्हा जबाबदारीही तिचीच.

बटणावर ढालीचं चिन्ह दिसलं, तर पुढे परवानगी विचारली जाणार हे दाबणाऱ्याला आधीच कळतं. विंडोज फॉर्म्समध्ये बटणाचा 'फ्लॅट स्टाइल' हा गुणधर्म 'सिस्टिम' करून त्याला 'बीसीएम सेटशील्ड' हा संदेश पाठवला की ती ढाल येते.

इतर साधनांत हेच कसं करायचं?

सी प्लस प्लससाठी प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिंकर'खाली 'मॅनिफेस्ट फाइल' विभाग आहे. तिथे यूएसीच्या पातळीसाठी तयार यादी असते, फाइल लिहावी लागत नाही. पायथनचा प्रोग्रॅम पायइन्स्टॉलरने एक्झीत बांधत असाल, तर आज्ञेत दोन आडव्या रेघांनंतर 'यूएसी-ॲडमिन' हा पर्याय जोडा. इलेक्ट्रॉनवर लिहिलेले प्रोग्रॅम बांधणाऱ्या इलेक्ट्रॉन-बिल्डरच्या सेटिंगमधल्या विंडोज विभागात 'रिक्वेस्टेड एक्झिक्युशन लेव्हल' याच नावाची नोंद आहे. प्रोग्रॅम दुसऱ्याचा असेल आणि कोड हाती नसेल, तर एक्झीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' टॅबवर 'रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर' हा चौकोन आहे. त्या एका मशिनपुरतं काम भागतं.

क्लिकवन्स या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने प्रोग्रॅमचं वाटप करणार असाल, तर इथेच थांबा. क्लिकवन्सला 'रिक्वायर ॲडमिनिस्ट्रेटर' चालत नाही आणि प्रकाशित करताना त्रुटी येते. वेगळा इन्स्टॉलर बनवा किंवा वरची दुसऱ्या प्रतीची पद्धत घ्या.

दुसऱ्याच्या मशिनवर गेल्यावर येणाऱ्या अडचणी

यातली सगळ्यात फसवी अडचण साध्या खात्यावर येते. समजा शिक्षिका साध्या खात्यावर आहेत आणि परवानगीच्या चौकटीत कक्षप्रमुखांनी आपला पासवर्ड टाकला. आता प्रोग्रॅम शिक्षिकांच्या नावाने चालत नाही, तो कक्षप्रमुखांच्या नावाने चालतो. 'डॉक्युमेंट्स' त्यांचं, 'ॲपडेटा' त्यांचं, रजिस्ट्रीचा 'करंट युजर' भागही त्यांचाच. शिक्षिकांनी जतन केलेली सेटिंग 'गायब' होतात ती अशी. दोन प्रतींच्या पद्धतीत सेटिंग वाचायचं-लिहायचं काम पहिल्या, साध्या प्रतीकडे राहतं, त्यामुळे हा घोळ होतच नाही.

नेटवर्कवरचा फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर ॲडमिन प्रोग्रॅमला तो सहसा दिसत नाही, कारण तो हलक्या टोकनाखाली जोडलेला असतो. ड्राइव्हचं अक्षर सोडून सर्व्हरच्या नावासकटचा पूर्ण मार्ग वापरा. एक्सप्लोररमधून ओढून आणलेली फाइलही ॲडमिन खिडकीत पडत नाही. खालच्या पातळीचा प्रोग्रॅम वरच्या पातळीच्या खिडकीला असे संदेश पाठवू शकत नाही, म्हणून फाइल निवडायला बटण द्या.

मशीन सुरू होताच प्रोग्रॅम आपोआप चालावा असं वाटत असेल, तर ॲडमिन मागणारी एक्झी स्टार्टअपमध्ये टाकून उपयोग नाही. टास्क शेड्युलरमध्ये काम नोंदवा, 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण करा आणि लॉगिनचा क्षण निवडा. नोंदवताना एकदा परवानगी लागेल, पुढे रोज विचारलं जाणार नाही. मात्र ती एक्झी 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच ठेवा. कुणालाही लिहिता येईल अशा फोल्डरात ठेवली, तर तिच्या जागी दुसरी फाइल ठेवणाऱ्यालाही ते अधिकार आयते मिळतील.

परवानगीच्या चौकटीत पिवळी पट्टी आणि 'अननोन पब्लिशर' दिसतं, कारण एक्झीवर डिजिटल स्वाक्षरी नाही. कोड साइनिंगचं प्रमाणपत्र घेऊन स्वाक्षरी केली की तिथे नाव येतं आणि पट्टी निळी होते. प्रमाणपत्राला पैसे पडतात. एका कक्षापुरत्या प्रोग्रॅमला त्याची सक्ती नाही, पण गावोगावच्या ग्राहकांना देणार असाल तर घ्याच. आणि ग्राहकाला यूएसी बंद करायला कधीही सांगू नका. तुमच्या एका बटणासाठी त्याच्या मशिनवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमपुढचा अडसर निघून जातो.

देण्याआधी तुमच्या मशिनवर 'चाचणी' नावाचं साधं खातं तयार करा. त्यातून लॉगिन करा, एक्झीवर डबल-क्लिक करा, बटण दाबा आणि पासवर्ड मागितल्यावर आधी 'नाही' म्हणून पाहा. मग 'हो' म्हणून पाहा.